पडद्यावरील डॉक्टर आणि आपले शब्द

चित्रपट करमणुकीसाठी पाहावा, त्यात वैद्यक शोधत बसू नये, असे आमच्या घरातील मंडळींचे ठाम मत आहे. मला ते मान्य नाही. इंदुरात मराठी चित्रपट चित्रपटगृहात क्वचितच लागतो. त्यामुळे तो आम्ही बहुधा घरीच पाहतो, पूर्वी व्हीसीडीवर आणि आता इंटरनेटवर. घरी पाहण्याचा मोठा लाभ असा, की हव्या त्या प्रसंगी चित्र थांबवून मनसोक्त वाद घालता येतो.

आमच्याकडे असे वाद दोन चित्रपटांवर हमखास होतात. पहिला हृषीकेश मुखर्जींचा ‘आनंद’ (१९७१). त्यात रुग्ण आपला आजार जाणून हसतो आणि डॉक्टर भास्कर मात्र कुढतो. श्रीमंतांच्या काल्पनिक आजारांचे लाड पुरविणारा रमेश देव यांचा डॉक्टर कुलकर्णी पाहताना आपणा सर्वांना हसू येते आणि किंचित अवघडल्यासारखेही होते.

दुसरा संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४). ‘श्यामची आई’नंतर राष्ट्रीय सुवर्णकमळ मिळविणारा हा मराठी चित्रपट बालरोगतज्ज्ञ म्हणून मला अधिक मोलाचा वाटतो. कोकणातील छोट्या परशुरामाच्या दोन्ही डोळ्यांत रेटिनोब्लास्टोमा आहे. जीव वाचवायचा तर दृष्टी गमवावी लागणार. खरा पेच शस्त्रक्रियेचा नाही. हे मुलाला सांगायचे कोणी, हा आहे. त्याला आधी कल्पना दिलीच पाहिजे, असा डॉक्टर सान्यांचा आग्रह. आजोबांच्या तोंडून तर शब्द फुटत नाही.

आमच्या सौभाग्यवतींच्या मते हा डॉक्टर कठोर आहे. माझ्या मते तोच खरा दयाळू. भूल उतरल्यावर जे मूल अंधारात जागे होणार, त्याने फसविणाऱ्या माणसांवर पुन्हा विश्वास कसा ठेवावा? ‘मुळीच दुखणार नाही’ असे सांगून सुई टोचण्याची आपल्या व्यवसायातील रीतही त्याच जातीची आहे. ‘थोडे दुखेल, लगेच थांबेल’ हे वाक्य बोलायला अधिक वेळ लागत नाही आणि पुढच्या खेपेस ते मूल आपला शब्द खरा मानते.

एक गोष्ट मात्र प्रेक्षकांना सांगायला हवी. हा कर्करोग बहुधा पाच वर्षांच्या आतच आढळतो. तो लवकर लक्षात आला, तर केमोथेरपी व लेसरच्या साहाय्याने आज अनेकदा डोळा आणि दृष्टीही वाचविता येते. फ्लॅश वापरून काढलेल्या छायाचित्रात बाळाच्या बाहुलीत पांढरी चमक दिसली, तर विलंब न करता नेत्रतज्ज्ञांना दाखवावे.

सभासदांना एवढीच विनंती, की ‘श्वास’ घरच्या मंडळींसह आणि आपल्या तरुण सहकाऱ्यांसह एकदा अवश्य पाहावा. आजोबा निःशब्द होतात, तेथे चित्र थांबवावे आणि प्रत्येकाला विचारावे : आपण या मुलाला कोणत्या शब्दांत सांगितले असते?