कोल्हापूरकर जेवतो तसे जेवा



सुगी आटोपली, ऊस कारखान्याला गेला, की आपल्याकडची मंडळी देवदर्शनाला निघतात. नगरहून पुणे, सातारा, कऱ्हाड करीत एस.टी. कोल्हापूरला पोचते. अंबाबाईचे दर्शन होते, जोतिबाचा डोंगर होतो, रंकाळ्यावर फेरी होते. जेवण मात्र स्टँडसमोर दिसेल त्या पहिल्या पाटीखाली उरकले जाते. पाटीवर 'कोल्हापुरी' असे लिहिलेले असते, ताटात लाल तिखट ओतलेले असते, आणि माणूस घरी येऊन सांगतो, "कोल्हापूरचे जेवण म्हणजे नुसता जाळ!" रस्त्यावरून बघून पिकाचा अंदाज येत नाही, तसा पाटी वाचून गावच्या जेवणाचा अंदाज येत नाही. म्हणून या आठवड्यात खताच्या मात्रा बाजूला ठेवून कोल्हापूरकर काय खातो, कसे खातो आणि त्यातून आपण काय घ्यावे, ते सांगतो.

सुरुवात दुधापासून. गंगावेशीत दूधकट्टा आहे. दूधवाले तिथे म्हशी घेऊन येतात, गिऱ्हाइकासमोर धार काढतात आणि फेसाळ पेला हातात देतात. ही आवड तालमींच्या गावाला साजेशी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ साली खासबागचे मैदान उभे राहिले, आणि पैलवानाच्या दुधाचा मान साऱ्या गावाने उचलला. गिऱ्हाईक म्हैस बघतो, धार बघतो, मग पैसे देतो. तिथे पाणी घालायला जागाच राहत नाही.

पण माझ्या खात्याचा माणूस म्हणून एक सांगितलेच पाहिजे. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिस आणि क्षय यांसारखे रोग माणसाला होऊ शकतात. कट्टा जरूर बघावा, पण लेकरांना, गरोदर बाईला आणि आजारी माणसाला दूध उकळूनच द्यावे. आपल्या गोठ्यातही हाच नियम ठेवा. वासरी आणि पारडी चार ते आठ महिन्यांच्या असताना ब्रुसेलोसिसची लस एकदा टोचून घ्यावी.

न्याहारीला मिसळ. मोड आलेली मटकी, वर फरसाण, कांदा, आणि त्यावर तर्रीदार कट. कोल्हापुरात मिसळीबरोबर पावाचे काप, म्हणजे स्लाइस ब्रेड मिळतो. कट एकदम ओतू नये. थोडा घ्यावा, चव बघावी, मग वाढवावा. स्थानिक माणूस कट पुन्हा मागून घेतो. घरात कोणी माळकरी असतील तर त्यांनी काळजी करू नये. मिसळ, कटवडा, झुणका-भाकरी आणि संध्याकाळी रंकाळ्यावरची भेळ एवढ्यात त्यांचा दिवस सुखाने जातो.

आता रश्श्याकडे येऊ. तांबडा आणि पांढरा ही जोडी प्रसिद्ध आहे, पण तिच्यामागची काटकसर थोड्यांनाच ठाऊक असते. मटण आधी आले, लसूण, हळद आणि मीठ लावून शिजवतात. त्या पाण्याचे दोन भाग करतात. एका भागात नारळाचे दूध, तीळ-खसखशीचे वाटण घालून पांढरा होतो. दुसऱ्यात भाजलेले खोबरे, कांदा आणि चटणी घालून तांबडा होतो. मटणाच्या फोडी सुक्या करतात. एका शिजवणीत तीन पदार्थ होतात आणि थोड्या मटणावर मोठे घर जेवते. पांढरा रस्सा तिखट नसतोच. तो वाटीने प्यावा, तांबडा भाकरीशी खावा, आणि जीभ पोळली की पुन्हा पांढऱ्याकडे वळावे. जिथे पांढरा पाण्यासारखा पातळ आणि तांबडा नुसता रंगाचा, तिथे दुसऱ्यांदा जाऊ नये.

हे गाव मटणाबाबत इतके जागरूक की २०१९ च्या अखेरीस दर वाढले तेव्हा नागरिक रस्त्यावर उतरले होते. आपल्या संगमनेरी शेळीच्या पाळणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. गिऱ्हाईक पारखी असला की तो दरावर भांडतो, पण चांगला माल ओळखतोही.

रश्श्याचे गुपित चटणीत आहे. कोल्हापूरच्या घरात 'चटणी' म्हटले की कांदा-लसूण घातलेले तिखट समजावे. उन्हाळ्यात घरोघरी वर्षाची चटणी होते. रंगाला ब्याडगी, चवीला संकेश्वरी, तिखटपणाला लवंगी अशा मिरच्या निवडतात. त्यात धने, तीळ, सुके खोबरे, कांदा, लसूण घालून डंकावर कांडून आणतात. प्रत्येक घरची चटणी निराळी, आणि प्रत्येक घरची बाई आपलीच खरी म्हणते! गोडाला गूळ आहेच. २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले. घेताना मात्र फार पिवळाधमक गूळ घेऊ नका. रंग उजळायला रसायन वापरलेले असू शकते. थोडा काळसर, भुरभुरीत न होणारा गूळ पाहून घ्यावा.

कोल्हापुरात कुठल्याही टपरीवर चहा घ्याल, तेव्हा एका माणसाची आठवण ठेवा. राजवाड्याच्या चाकरीत असलेल्या गंगाराम कांबळे यांना पाण्याच्या हौदाला शिवले म्हणून मारहाण झाली. पुढे शाहू महाराजांनी त्यांना हॉटेल काढायला मदत केली. भाऊसिंगजी रोडवर 'सत्यसुधारक' नावाचे ते हॉटेल निघाले. अस्पृश्याच्या हातचा चहा कोण पिणार, असे लोक म्हणत होते. महाराज स्वतः तिथे जाऊन चहा घेत आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यायला लावीत. आपल्या खेड्यांत वेगळ्या कपबशा ठेवण्याची रीत कितीतरी वर्षे चालली, हे वडीलधाऱ्यांना सांगायला नको. एका बाकावर बसून एकाच्या हातचे खाणे हा जेवणाचा पहिला संस्कार आहे. बाकी चवीचे नंतर.

आता हे सगळे नगरच्या शेतकऱ्याला कशासाठी सांगितले? कोल्हापूर शहर भोवतालच्या शिवारातले खाते. म्हशीचे दूध पंचक्रोशीतले, गूळ तिथल्याच गुऱ्हाळातला, आजऱ्याच्या घनसाळ तांदळाला २०१६ साली मानांकन मिळाले. शहराने आपल्या खाण्याचा अभिमान धरला, त्यामुळे शेतमालाला नाव मिळाले, आणि नाव मिळाले की गिऱ्हाईक शोधत येतो.

आपल्याकडे काय कमी आहे? शिर्डी, शनिशिंगणापूर, नेवासे, सिद्धटेक अशी ठिकाणे आपल्याच जिल्ह्यात आहेत. देशभरातून माणूस येतो आणि बहुतेक ठिकाणी पनीर आणि तंदुरी रोटी खाऊन जातो. आपली बाजरीची भाकरी, हुलग्याची शेंगोळी, ठेचा, मठाची उसळ त्याच्या दृष्टीलाही पडत नाही. दोष त्याचा नाही. पाहुणा आला की आपणच भाकरी झाकून ठेवतो आणि दुकानातली बिस्किटे पुढे करतो. अकोले तालुक्यातील कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी देशी बियाणे जपले, त्यांना २०२० साली पद्मश्री मिळाली. राहुरीच्या कृषी विद्यापीठाच्या सहकार्याने निघालेला 'धनशक्ती' हा लोहयुक्त बाजरीचा वाण २०१२ पासून आपल्या राज्यात आहे. बियाणे आहे, विद्यापीठ आहे, गिऱ्हाईक दारावरून जातो आहे. ताट मांडणारे हात तेवढे हवेत.

बचत गटातील भगिनींनी याचा विचार करावा. यात्रेच्या वाटेवर चूल मांडून भाकरी, शेंगोळी आणि ठेचा एवढेच द्यावे, पण रोज एकाच चवीचे द्यावे. बाजरीचे पीठ लवकर कडू होते, म्हणून थोडे थोडे दळावे आणि आठवड्याच्या आत संपवावे. हुलग्याचे पीठ बांधून विकायचे असेल तर दळण्याआधी हुलगे निवडून, कडक उन्हात वाळवून घ्यावेत. अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी करून घ्यावी. ती अवघड नाही.

कोल्हापूरला जरूर जा, पांढऱ्या रश्श्याची वाटी रिकामी करा. येताना गूळ आणा, आणि त्याबरोबर तिथल्या माणसाची एक सवयही आणा. आपल्या मातीतले आपण आधी मिटक्या मारीत खावे, म्हणजे दुसऱ्याला ते खावेसे वाटते.