स्टिंग-रेचे खरे शिल्पकार

१/
मराठीत ‘बाइक’ म्हटले की मोटारसायकलच डोळ्यांसमोर उभी राहते. त्यामुळे ‘मसल बाइक’ म्हणताच धूर आणि इंजिनाची गर्जना आठवावी, हे स्वाभाविकच. मात्र १९६० आणि १९७० च्या दशकांतील ज्या अमेरिकी वाहनांना आज संग्राहक या नावाने ओळखतात, त्यांतील अनेकांना इंजिनच नाही. त्या मुलांच्या सायकली आहेत.

२/
त्यांचे रूप एकदा पाहिले की विसरत नाही. चाके अवघी वीस इंची. हँडल मात्र शिंगांसारखे उंच उभारलेले. बैठक केळ्यासारखी लांबट आणि तिला मागून आधार देणारी चकाकत्या क्रोमची कमान. या घराण्यात सर्वांत गाजली ती शिकागोच्या श्विन कंपनीची ‘स्टिंग-रे’.

३/
स्टिंग-रेचे श्रेय बहुतेक ठिकाणी श्विनचे अधिकारी अल फ्रिट्झ यांना दिले जाते. फ्रिट्झ कल्पक होते, यात शंका नाही. परंतु ही सायकल त्यांच्या आधी दक्षिण कॅलिफोर्नियातील गल्ल्यांमध्ये घडली होती, आणि ती घडवणारी मुले होती. इतिहासाच्या नोंदीत त्यांची नावे नाहीत. म्हणून त्यांचे काम दुय्यम ठरत नाही.

४/
त्याआधीची परिस्थिती पाहिली की मुद्दा स्पष्ट होतो. १९५० च्या दशकात अमेरिकी मुलांसाठी ज्या सायकली निघत, त्या जाडजूड टायरांच्या आणि वजनदार. अनेकींच्या दांड्यांमध्ये मोटारसायकलच्या टाकीसारखी दिसणारी पोकळ, खोटी टाकी बसवलेली असे. मुलांना काय आवडते, याविषयी मोठ्यांनी केलेली ही कल्पना.

५/
मुलांना हवे होते काही निराळेच. त्यांनी धाकट्या भावंडांना शोभावी अशी वीस इंची सायकल घेतली, तिला उंच हँडल लावले आणि सायकल-पोलोच्या खेळासाठी बनवलेली लांब बैठक चढवली. हा केवळ नखरा नव्हता. दोन चाकांमधील अंतर कमी, आणि लांब बैठकीमुळे स्वाराला मागच्या चाकावर सरकून बसता येई. त्यातून उंच हँडल हातात असल्याने किंचित मागे ओढताच पुढचे चाक जमीन सोडी. छोट्या चाकामुळे सायकल जागच्या जागी वळे आणि चटकन वेग घेई. यंत्रशास्त्राचे पुस्तक न उघडता त्यांनी वजनाचे गणित सोडवले होते.

६/
ही खबर फ्रिट्झ यांच्यापर्यंत पोहोचली आणि १९६३ मध्ये स्टिंग-रे बाजारात आली. किंमत ४९.९५ डॉलर. पहिल्याच हंगामात ४५,००० हून अधिक सायकली खपल्या. त्याच वर्षी हफी कंपनीची ‘पेंग्विन’ही आली होती, तीही स्टिंग-रेच्या थोडी आधी. दोन कंपन्यांना एकाच वेळी एकच स्वप्न पडत नाही; दोघींनी एकच रस्ता पाहिला होता.

७/
संग्राहकांचा जीव मात्र १९६८ च्या ‘क्रेट’ मालिकेवर जडलेला असतो: ऑरेंज क्रेट, ॲपल क्रेट, लेमन पीलर, पी पिकर. पुढचे चाक सोळा इंची, त्यावर स्प्रिंगचा फोर्क आणि ड्रम ब्रेक. दांड्यावर मोटारीसारखा गिअरचा दांडा. देखणेपणात तिला तोड नाही. तरीही सरस कोण, असे विचारल्यास कौल १९६३ च्या साध्या, एका वेगाच्या स्टिंग-रेलाच द्यावा लागेल. क्रेटमध्ये मोटारीची नक्कल पुन्हा डोकावते. खोट्या टाकीचीच ती अधिक देखणी बहीण.

८/
शिवाय तो गिअरचा दांडा नेमका नको त्या जागी होता. अचानक ब्रेक लागून स्वार पुढे घसरला तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या सुरक्षा नियमांनी त्या जागेवरील असे उंचवटे हद्दपार केले. क्रेट मालिका १९७३ मध्येच संपली होती.

९/
इंग्लंडमधील कथा याहून मनोरंजक. नॉटिंगहॅमच्या रॅले कंपनीने १९७० मध्ये मायदेशी ‘चॉपर’ विकायला काढली आणि ती एका पिढीची ओळख बनली. ती कोणी रेखाटली? रॅलेचे ॲलन ओकली की ओगल डिझाइनचे टॉम कॅरेन? हा वाद वर्षानुवर्षे चालला. दोन प्रौढ श्रेयासाठी भांडत राहिले, आणि ज्यांच्या सायकली पाहून हा सारा प्रकार सुरू झाला त्या मुलांचा उल्लेखही कोणी केला नाही.

१०/
तोवर कॅलिफोर्नियातील मुले पुढे निघून गेली होती. १९७० च्या आसपास ती स्टिंग-रे घेऊन मातीच्या ट्रॅकवर उतरली आणि मोटोक्रॉसच्या थाटात शर्यती लावू लागली. १९७१ च्या ‘ऑन एनी संडे’ या माहितीपटाच्या आरंभी हीच मुले दिसतात. ‘बीएमएक्स’ हा खेळ अशा धुळीतून जन्मला. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये तो पदकांचा खेळ झाला.

११/
आणि श्विन? या वेळी कंपनीने गल्लीकडे पाहायला फार उशीर केला. मातीतल्या उड्या तिला धोकादायक वाटल्या. बाजार नव्या, छोट्या कंपन्यांनी काबीज केला. पुढे डोंगरी सायकलींच्या बाबतीतही तेच घडले. १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. कामगारांचा संप, परदेशी उत्पादन अशी इतर कारणेही होती. पण ज्या कानाने १९६३ मध्ये मुलांचे ऐकले, तो कान बंद झाला होता, हेही खरे.

१२/
आज लिलावात ज्या स्टिंग-रेचा प्रत्येक भाग मूळचा असतो, तिला सर्वाधिक भाव मिळतो. बैठक बदललेली किंवा हँडल वेगळे असले की किंमत घसरते. याच निकषाने पाहिले तर कॅलिफोर्नियातील ती पहिली, जोडाजोड केलेली सायकल कवडीमोलाची ठरेल. लॉस एंजेलिसच्या मेक्सिकन-अमेरिकी वस्त्यांतील तरुणांनी मात्र जुन्या स्टिंग-रेचे सांगाडे घेऊन त्यांना पिळदार क्रोम, मखमली बैठका आणि जमिनीला टेकेल असा झोक दिला. त्या ‘लोरायडर’ सायकली अजूनही घराघरांतील गॅरेजमध्ये हाताने घडवल्या जातात.