गूनहिलीची तबकडी

टेलस्टार उपग्रहाचे नाव ठाऊक असलेले वाचक पुष्कळ असतील. गूनहिलीचे नाव ऐकलेले मात्र विरळाच. आम्हांस यात थोडा अन्याय दिसतो.

१० जुलै १९६२ रोजी अमेरिकेतून अवकाशात गेलेला टेलस्टार म्हणजे अवघ्या ७७ किलो वजनाचा गोळा. त्याच्या प्रक्षेपकाची शक्ती दोन वॅटच्या आसपास. पूर्वी रात्री आपण तारेचा शून्याचा दिवा लावीत असू, तोही याहून अधिक वीज खाई! अटलांटिकच्या एका तीरावरून आलेले चित्र झेलून तो दुसऱ्या तीरावर सोडी खरा, पण हजारो किलोमीटर उतरून येईपर्यंत त्या लहरींत उरे ते किती? सारा भार जमिनीवरच्यांनी वाहावयाचा.

त्यासाठी अमेरिकेत अँडोव्हर, फ्रान्समध्ये प्लमर-बोदू आणि इंग्लंडच्या नैऋत्य टोकाला कॉर्नवॉलमध्ये गूनहिली येथे भूकेंद्रे उभी राहिली. पहिल्या दोहोंनी १७७ फूट लांबीचे कर्ण्यासारखे अँटेना उभारून त्यांवर हवेने फुगविलेले अवाढव्य घुमट चढविले. ब्रिटिश टपाल खात्याने वेगळी वाट धरली : ८५ फूट व्यासाची तबकडी, माळावर, ऊनपावसात उघडी. हे सुमारे ११०० टनांचे धूड पळत्या उपग्रहावर नजर रोखून फिरले पाहिजे. कारण टेलस्टार पुढील काळातील भूस्थिर उपग्रहांप्रमाणे एका जागी ठरत नसे. दोन्ही तीरांना तो एकाच वेळी दिसे, तो फार तर वीस मिनिटे.

पहिल्या रात्री फ्रान्समध्ये चित्र स्वच्छ उतरले. गूनहिलीत मात्र ते अंधुक, तुटक आले. उघडी तबकडीच फसली, असा निष्कर्ष काढणे त्या रात्री किती सोपे होते! दोष निघाला तो एका लहानशा भागात. टेलस्टारच्या लहरी स्क्रूच्या आट्यांप्रमाणे फिरत पुढे सरकत. हे फिरणे उजवे म्हणावे की डावे? लहरीच्या पाठीमागून पाहणाऱ्यास जे उजवे, तेच समोरून पाहणाऱ्यास डावे. पारदर्शक घड्याळ मागून पाहिले तर काटे उलटेच फिरताना दिसतील. दोन्ही व्याख्या प्रचारात होत्या. गूनहिलीत धरलेला अर्थ अमेरिकेतील अर्थाच्या उलट निघाला, आणि तो भाग उफराटा बसला. तो फिरवून बसविताच दुसऱ्या दिवशी गूनहिलीचे चित्र उत्तम आले.

टेलस्टारचे आयुष्य मात्र अल्प ठरले. त्याच्या उड्डाणाच्या आदल्याच दिवशी अमेरिकेने पॅसिफिक महासागरावर, अवकाशात, अणुस्फोट केला होता. एकाच देशाची ही दोन कृत्ये, एका दिवसाच्या अंतराने! स्फोटाने वाढलेल्या किरणोत्साराने उपग्रहातील ट्रान्झिस्टर दुबळे केले; फेब्रुवारी १९६३ मध्ये तो कायमचा मुका झाला.

गूनहिलीची तबकडी त्यानंतर कित्येक वर्षे नव्या उपग्रहांशी बोलत राहिली. घुमटाखालचे कर्णे मागे पडले, उघड्या तबकडीची रीत जगभर रूढ झाली. १९७० नंतर पुणे जिल्ह्यात नारायणगावाजवळ आर्वी येथे भारताचे परदेशी संदेशवहनाचे भूकेंद्र झाले. विक्रम साराभाईंचे नाव दिलेल्या त्या केंद्राची ९७ फुटी तबकडीही उघडीच होती, आणि ती उभारली होती भारतीय अभियंत्यांनी.