हातमशीन रंगवू नका, चालवा

काळं अंग, त्यावर सोनेरी वेलबुट्टी, वर लाकडी झाकण आणि उजव्या हाताला फिरवायचं हँडल. सिंगरची ही हातमशीन आपल्या मंडळातल्या काही घरांत अजून असेलच, बहुधा पलंगाखाली. भंगारवाल्याला हाक मारण्याआधी एवढं वाचा.

आमच्याकडची मशीन आत्याबाईंची. त्या गेल्यावर तिचं काय करायचं यावरून घरात दोन तट पडले. एका भाच्याला तिचा टेबललॅम्प करायचा होता. दुरुस्तीवाला म्हणाला, "नवा रंग मारू, मोटर बसवू." मी दोघांनाही नाही म्हटलं. लोकांचे परकर-पोलके शिवून ज्या मशीनवर त्यांनी दोन लेकींना शिकवलं, ती दिव्याचा खांब कशी होईल?

आधी तिचं गाव शोधा. उजवीकडे, खांबाच्या बुडाशी क्रमांक कोरलेला असतो. १९०० पासून त्याआधी इंग्रजी अक्षर येऊ लागलं. त्यावरून कारखाना आणि वर्ष लागतं. एफ किंवा वाय असेल तर मशीन स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकची. तो कारखाना १९८० मध्ये बंद पडला, पण तिथल्या रेल्वे स्टेशनचं नाव आजही 'सिंगर' आहे.

आता मुख्य गोष्ट. जाम झालेली मशीन बहुतेक वेळा मोडलेली नसते. वर्षानुवर्षांचं तेल सुकून त्याचा डिंक झालेला असतो. त्यातून कोणी हाताशी होतं म्हणून खोबरेल किंवा गोडेतेल घातलं असेल तर विचारूच नका! हँडलवर जोर करू नका. केस वाळवायच्या ड्रायरने लोखंडी भाग जरा गरम करा, प्रत्येक छिद्रात मशीनच्या तेलाचा एकेक थेंब सोडा, हँडल जाईल तेवढंच पुढेमागे हलवा आणि रात्रभर राहू द्या. सकाळी पुन्हा तेच. आमच्या मशीनने सहा दिवस घेतले. सातव्या दिवशी सुई खाली आली तेव्हा भाच्यानेच आधी आरोळी ठोकली.

दात्यांखाली जुनी लव गच्च बसलेली असते. पट्टी काढून ती टूथब्रशने आणि सुईने उकरा. चिकट लोखंडाला रॉकेल चालतं, पण ते वेलबुट्टीवर जाऊ देऊ नका. त्या नक्षीवर लाखेचा मुलामा असतो आणि स्पिरिट लागलं की तो विरघळतो. काच पुसायचं निळं पाणीही नको. मऊ सुती फडकं आणि मशीनचंच तेल, बस्स. झिजलेली नक्षी झिजलेलीच राहू द्यावी, असं माझं मत. जिथे हात टेकत होता, तिथेच ती गेलेली असते.

चाक फिरतं पण सुई हलत नाही? घाबरू नका. बॉबीन भरताना चाकाच्या मधला मोठा स्क्रू सैल करतात, तो तसाच राहिला असेल. टाके सुटतात? सुईची सपाट बाजू उलटी बसली असेल. ती कोणत्या बाजूला हवी, हे मॉडेलप्रमाणे बदलतं. लांबुळक्या, बंदुकीच्या गोळीसारख्या शटलची मशीन असेल तर शटल आणि बारीक लांब बॉबीन आधी शोधा, कारण त्यांच्याशिवाय टाकाच पडत नाही. बटणांच्या डब्यात हमखास सापडतात.

मग दुहेरी सुती कापडावर वर लाल, खाली पांढरा दोरा घालून शिवून पाहा. लाल ठिपके खालून दिसले तर वरचा ताण थोडा वाढवा. हँडलच्या एका फेऱ्यात तीन टाके पडतात, म्हणून शिकणाऱ्या मुलांना ही मशीन फार बरी, कापड हातातून पळत नाही.

क्रमांकाचा फोटो संपादकांकडे पाठवा. तुमची मशीन कुठली, ते पुढच्या महिन्यात इथेच सांगेन.