विश्लेषण : रोज माथेरानचा चढ चढणाऱ्यालाही कोलेस्टेरॉल तपासावे लागते का?

माथेरानमधील हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. माणसाने माणसाला ओढणे प्रतिष्ठेला धरून नाही, हे त्यामागचे मुख्य कारण. हातरिक्षाचालकांना ई-रिक्षा देण्यावर बरीच चर्चा झाली. त्यांच्या आरोग्याविषयी मात्र फारसे कोणी बोलले नाही. आयुष्यभर लाल मातीच्या रस्त्यांवर रिक्षा ओढणारे, घोड्यामागे चालणारे किंवा पायथ्याच्या वाड्यांतून भाजीची पाटी घेऊन वर येणारे लोक हृदयविकारापासून सुरक्षित असतात, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे.

श्रमाने कोलेस्टेरॉल उतरते का?

चालण्याचा फायदा मोठा आहे. रक्तदाब आणि साखर आटोक्यात राहते, ट्रायग्लिसराइड ही रक्तातील चरबी घटते, ‘चांगले’ म्हटले जाणारे एचडीएल थोडे वाढते. पण धमन्यांच्या आतल्या बाजूला थर साचवणारे एलडीएल केवळ श्रमाने फारसे कमी होत नाही. रक्तातील एलडीएल उचलून घेण्याचे काम यकृत करते. ते किती वेगाने होते हे बरेचसे आनुवंशिकतेवर आणि आहारातील संपृक्त चरबीवर ठरते. त्यामुळे दिवसाला दहा किलोमीटर चालणाऱ्या सडपातळ माणसाचे एलडीएलही १६० असू शकते. ते दुखत नाही, दम लागत नाही, कशानेच कळत नाही. त्यात तंबाखू, मिश्री किंवा बिडी असेल तर चालण्याने कमावलेले बरेचसे तिथेच जाते.

आपल्याकडे हा आजार लवकरही गाठतो. ५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या २००४ च्या अभ्यासात दक्षिण आशियातील लोकांना पहिला हृदयविकाराचा झटका येण्याचे मध्य वय ५३ वर्षे होते, इतर देशांत सुमारे ५९.

माथेरानमध्ये हा प्रश्न वेगळा का?

वेळेमुळे. झटका आल्यावर बंद पडलेली धमनी जितकी लवकर उघडेल तितका हृदयाचा स्नायू वाचतो. दोन तासांच्या आत अँजिओप्लास्टी शक्य नसेल, तर रक्ताची गुठळी विरघळवणारे इंजेक्शन आधी द्यावे, असा वैद्यकीय संकेत आहे. दस्तुरी नाक्यापुढे खासगी मोटारींना बंदी आहे. रुग्णवाहिकेला मुभा असली, तरी नेरळचा घाट उतरून कर्जत आणि गरज पडल्यास पुढे पनवेल किंवा नवी मुंबई गाठायची असते. रात्री आणि पावसात हे अंतर आणखी वाढते. म्हणून छातीत दडपण, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम अशी लक्षणे दिसल्यास ‘गॅस असेल’ म्हणून थांबण्याची चैन माथेरानकरांना परवडणारी नाही. चढावर दरवेळी छाती भरून येणे आणि थांबल्यावर बरे वाटणे, हाही इशाराच. सुमारे ८०० मीटर उंचीवर हवा विरळ असल्याचा दोष देता येत नाही.

सरकारी तपासणीत हे कळत नाही का?

खरी मेख इथे आहे. तिशीपुढील प्रत्येकासाठी असलेल्या राष्ट्रीय तपासणीत रक्तदाब, साखर आणि तोंड, स्तन व गर्भाशयमुख यांचा कर्करोग एवढेच येते. कोलेस्टेरॉल त्या ठरलेल्या यादीत नाही. ‘सगळे नॉर्मल आहे’ असे ऐकून शिबिरातून परतलेल्याची लिपिड तपासणी झालेलीच नसते. ती स्वतःहून मागावी लागते. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार पहिली तपासणी वयाच्या अठराव्या वर्षीच व्हावी. घरात कमी वयात हृदयविकार झाला असेल तर त्याआधी. सुरुवातीच्या तपासणीला उपाशीपोटी जाण्याची सक्तीही नाही.

याच सूचनांप्रमाणे सर्वसामान्यांचे एलडीएल १०० च्या खाली असावे. मधुमेह किंवा उच्च रक्तदाबासारखा जास्त धोका असल्यास ७० च्या, आणि झटका येऊन गेलेल्यांचे ५५ च्या खाली. प्रयोगशाळेच्या कागदावर छापलेली ‘नॉर्मल’ मर्यादा सर्वांसाठी एकच असते, म्हणून हे आकडे लक्षात ठेवलेले बरे.

जेवणात काय बदलायचे?

रायगडच्या स्वयंपाकघरात चांगले पुष्कळ आहे. वाल, चवळी, कुळीथ यांतील विरघळणारा तंतू आतड्यातून कोलेस्टेरॉल बाहेर काढायला मदत करतो. नाचणीची भाकरी आणि पालेभाज्या हव्यातच. चिक्कीतील शेंगदाण्याची चरबी बहुतांशी असंपृक्त, म्हणजे निरुपद्रवी. त्रास गुळाचा, जो ट्रायग्लिसराइड वाढवतो. बिचाऱ्या शेंगदाण्याला उगीच दोष मिळतो. आवरायचे ते पामतेल, वनस्पती तूप, बेकरीचे पदार्थ आणि त्याच तेलात पुन्हा पुन्हा तळलेला वडा. देशात तेल-तुपातील ट्रान्स फॅटवर जानेवारी २०२२ पासून २ टक्क्यांची मर्यादा आहे, पण गाडीवरच्या कढईत दिवसभर उकळणाऱ्या तेलावर रोज कोण लक्ष ठेवणार?

नेटाने पाळलेल्या पथ्याने एलडीएल साधारण १० ते १५ टक्के उतरते. १६० चे १०० करायला ते पुरत नाही.

मग गोळी आयुष्यभर?

बहुतेकांना, हो. स्टॅटिन गटातील औषधे एलडीएल ३० ते ५० टक्के कमी करतात. ते सुमारे ३९ अंकांनी उतरले की झटका, पक्षाघात यांसारख्या मोठ्या घटना पाचव्या हिश्शाने घटतात. अॅटोरव्हास्टॅटिन राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहे, त्यामुळे त्याच्या किमतीवर सरकारी नियंत्रण असते. जनऔषधी केंद्रात ते आणखी स्वस्त मिळते. स्नायू दुखण्याची तक्रार होते. मात्र २०२० मधील एका ब्रिटिश चाचणीत असा त्रास असलेल्यांना नुसती खोटी गोळी दिल्यावरही जवळपास ९० टक्के त्रास तसाच जाणवला. साखर किंचित वाढू शकते आणि गरोदरपणात हे औषध सहसा थांबवतात, म्हणून डॉक्टरांचा सल्ला हवाच.

अहवाल सुधारला की गोळी सोडून देणारे अनेक असतात. गोळी थांबली की काही आठवड्यांत आकडा पूर्वपदावर येतो. औषध सुरू केल्यावर चार ते बारा आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून मात्रा ठरवायची असते. आणि हातरिक्षा सोडून ई-रिक्षा हाती घेणाऱ्यांनी ही तपासणी आधीच करून घ्यावी. रक्तदाब आणि साखर सांभाळणारी त्यांची रोजची चाल आता थांबणार आहे.