‘आधी घरचं बघा’ म्हणणाऱ्यांसाठी

१८ मे १९५५ रोजी सत्याग्रहींची मोठी तुकडी गोव्याच्या हद्दीत शिरली. तुकडीच्या पुढे दोघं जण चालत होते. एक नानासाहेब गोरे आणि दुसरे चौऱ्याहत्तर वर्षांचे सेनापती बापट. पोर्तुगीज पोलिसांनी या तुकडीला बेदम मारलं. बापटांना माघारी धाडलं. नानासाहेबांना दहा वर्षांची शिक्षा ठोठावून तुरुंगात टाकलं. ज्या वयात माणसं उन्हात बाहेर पडायचं टाळतात, त्या वयात बापट दुसऱ्याच्या राज्यात जाऊन लाठ्या खायला तयार झाले होते.

बापटांना ‘सेनापती’ हे नाव मात्र मुळशीनं दिलं. १६ एप्रिल १९२१ला, रामनवमीच्या दिवशी, टाटा कंपनीच्या धरणाविरुद्ध मावळे कामावर जाऊन बसले. नीला आणि मुळा यांच्या संगमावर उभ्या राहणाऱ्या त्या धरणानं पन्नासच्या आसपास गावं पाण्याखाली जाणार होती. ‘जान किंवा जमीन’ ही त्यांची घोषणा. विनायकराव भुस्कुटे आणि बापट यांनी लढा पुढे नेला, बायाबापड्याही तुरुंगात गेल्या. १९२४ अखेरीस लढा संपला, धरण झालं, गावं बुडाली. राजेंद्र व्होरांनी या लढ्यावरच्या आपल्या इंग्रजी पुस्तकात त्याला जगातलं पहिलं धरणविरोधी आंदोलन म्हटलं आहे. मुळशीत हरलेला हाच माणूस तीस वर्षांनी गोव्याच्या हद्दीवर उभा होता.

पुण्याहून पौडकडे जाणारा रस्ता मुळशी तालुक्यातल्या भुकूममधून जातो. आज या रस्त्यावर भूगाव ओलांडून पिरंगुटच्या दिशेला लागायचं तर गाडीत बसून राहण्याची तयारी ठेवावी लागते. रस्त्याच्या एका अंगाला जुनी घरं आणि वाड्या, दुसऱ्या अंगाला नव्या सोसायट्या. असल्या गावात कुणी पॅलेस्टाईनसाठी, युक्रेनसाठी किंवा पाकिस्तानच्या तुरुंगातल्या मच्छीमारांसाठी संध्याकाळचा कार्यक्रम ठेवायचं म्हटलं की पहिलं उत्तर ठरलेलं असतं. ‘आधी घरचं बघा. टँकर कधी येतो ते विचारा, रस्त्याचं विचारा, मग जगाचं बघू.’ उत्तर वरवर शहाणपणाचं वाटतं. ज्याला रोज पाण्याची वाट पाहावी लागते, त्याच्या तोंडी ते शोभतंही. पण बापटांचं आयुष्य पाहिलं की ते उत्तर टिकत नाही. घरचं धरण आणि दूरचं गोवा यांतलं एक निवडा, असं त्यांना कधी वाटलं नाही. ज्यानं मुळशीत जमिनीसाठी तुरुंग पाहिला, त्यालाच गोव्यातल्या माणसाचा तुरुंग आपला वाटला.

गोव्याचं काम पुण्यात कसं चाललं, ते बारकाईनं पाहण्यासारखं आहे. नुसत्या भाषणांवर ते चाललं नाही. केशवराव जेधे, जयंतराव टिळक यांच्यासारख्या वेगवेगळ्या पक्षांच्या मंडळींनी मिळून गोवा विमोचन सहायक समिती काढली. सत्याग्रहींची नावनोंदणी, त्यांचा प्रवास, मागे राहिलेल्या कुटुंबांची सोय, हे सगळं वर्गणीवर. वर्गणी म्हणजे पावतीपुस्तक, आणि पावतीपुस्तक म्हणजे घराघरात जाऊन बसणं, चहा घेणं, ‘कशासाठी’ हे पुन्हा पुन्हा सांगणं. त्याआधी दादरा-नगरहवेलीच्या मोहिमेसाठी पैसे हवे होते, तेव्हा सुधीर फडक्यांनी लता मंगेशकरांना गळ घातली आणि पुण्यात त्यांच्या गाण्याचा कार्यक्रम झाला. लोक गाणं ऐकायला आले आणि एका लढ्याला पैसे देऊन गेले. २ ऑगस्ट १९५४ला सिल्वासा मोकळं झालं.

माणसं काही फक्त पैसे देऊन थांबली नाहीत. महादेवशास्त्री जोशींच्या पत्नी सुधाताई एप्रिल १९५५मध्ये म्हापशात जाऊन सत्याग्रहात उभ्या राहिल्या आणि त्यांना अटक झाली. १५ ऑगस्ट १९५५ला देशभरातून आलेल्या निःशस्त्र सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळीबार केला. त्यात वीसहून अधिक जण गेले. त्यांत महाराष्ट्रातले होते तसे दूरच्या पंजाबातलेही होते. पुण्या-मुंबईच्या मैदानात टाळ्या वाजवून घरी गेलेल्यांच्या तुलनेत हे लोक फार थोडे. तरीही टाळ्या वाजवणाऱ्यांनी तिकीट काढलं नसतं, वर्गणी दिली नसती, तर सत्याग्रही हद्दीपर्यंत पोहोचलेच नसते. दोघांनाही त्या कामात जागा होती.

या कहाणीतला सर्वांत हृद्य भाग १९ डिसेंबर १९६१ नंतरचा आहे. गोवा मुक्त झालं, मिरवणुका निघाल्या, पण सांगलीचा एक तरुण पोर्तुगालच्या तुरुंगातच राहिला. मोहन रानडे. गोव्यात शिक्षक म्हणून गेलेले रानडे सशस्त्र लढ्यात उतरले आणि १९५५च्या ऑक्टोबरात बेतीच्या पोलीस ठाण्यावरच्या हल्ल्यात पकडले गेले. पुढची कित्येक वर्षं त्यांनी एकांतवासात काढली. लढा जिंकला की लोक त्यातल्या माणसांना विसरतात. फडके विसरले नाहीत. ज्याची गाणी मराठी घरांत रोज वाजत, असा हा संगीतकार रानड्यांच्या सुटकेसाठी समिती काढून दारोदार फिरत राहिला. तो तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांच्यापर्यंत गेला. अण्णादुराईंनी पोपकडे शब्द टाकला, आणि जानेवारी १९६९मध्ये रानडे सुटले. गोवा मुक्त झाल्याला तोवर सात वर्षं उलटली होती. सांगलीच्या एका कैद्यासाठी पुण्या-मुंबईतून निघालेली खटपट मद्रासमार्गे रोमला पोहोचली. असं काम करायला मोठी संस्था लागत नाही. एक नाव घट्ट धरून ठेवणारा माणूस लागतो.

कुणी म्हणेल, गोवा काय, ते आपलंच. मग सोलापूरचं उदाहरण घ्यावं.

१९३८मध्ये चीन जपानशी लढत होता. चिनी सेनापती झू द यांनी नेहरूंकडे वैद्यकीय मदत मागितली होती. काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषबाबू होते. त्यांनी आवाहन केलं, जुलैत देशभर चीनसाठी निधी-दिवस पाळले गेले आणि सुमारे २२ हजार रुपये जमले. स्वतः गुलाम असलेल्या देशानं दुसऱ्या देशासाठी वर्गणी काढली, ही साधी गोष्ट नाही. त्या वेळीही ‘आधी घरचं बघा’ म्हणायला भरपूर जागा होती. पाच डॉक्टर निघाले. अलाहाबादचे अटल त्याआधी स्पेनच्या लढाईत जखमींची शुश्रूषा करून आले होते. नागपूरचे चोळकर होते, कोलकात्याचे बसू आणि मुखर्जी होते आणि सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस होते. १ सप्टेंबर १९३८ला मुंबईहून ‘राजपुताना’ बोटीनं ते चीनला गेले.

कोटणीस तिथं असतानाच वडील गेल्याची बातमी आली. परत यायची मुभा होती. ते थांबले. चिनी बोलायला शिकले, लिहायला शिकले. पुढे डॉ. बेथून यांच्या नावानं चालणाऱ्या आंतरराष्ट्रीय शांतता रुग्णालयाचे ते पहिले संचालक झाले. लढाईच्या धामधुमीत सलग तीन दिवस झोप न घेता त्यांनी शस्त्रक्रिया केल्याचं सांगितलं जातं. ग्वो चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. मुलाचं नाव ठेवलं यिनहुआ. यातला ‘यिन’ भारताचा आणि ‘हुआ’ चीनचा. ९ डिसेंबर १९४२ला, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, ते गेले. बाकीचे चौघं घरी परतले. शांतारामबापूंनी १९४६मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला, म्हणून मराठी माणसाला ते नाव अजून ठाऊक आहे.

पुढे १९६२ आलं. ज्या चीनसाठी लोकांनी वर्गणी दिली, त्याच चीनचं सैन्य हिमालय उतरून आलं. म्हणजे कोटणीसांचं जाणं चुकलं का? अजिबात नाही. ते कुठल्या सरकारसाठी गेले नव्हते, रक्तानं माखलेल्या माणसांसाठी गेले होते. हा फरक सोडला की दूरच्या माणसासाठीचं काम पक्षाच्या किंवा राष्ट्राच्या प्रचाराची शेपटी होऊन बसतं. आज अनेक ठिकाणी ते तसं होतं. कुणाचा झेंडा धरला आणि कुणाचा नाही, यावरून कार्यक्रमाची किंमत ठरते. ज्यांच्यासाठी जमायचं ती माणसं भाषणात एकदाही नावानं येत नाहीत. हे स्पष्टपणे वाईट आहे.

दुसरी खोट अशी की हल्ली कार्यक्रमातून मागणीच गायब झाली आहे. मेणबत्त्या लागतात, फोटो निघतो, तो फोनवरून फिरतो, आणि दुसऱ्या दिवशी कुणालाच काही करायचं उरत नाही. पाच डॉक्टर पाठवायचे आहेत, अमुक एक कैदी सोडवायचा आहे, इतक्या सत्याग्रहींच्या घरी इतके पैसे पोचवायचे आहेत, असं काही समोर असलं की माणूस खिशात हात घालतो. ‘जगात शांतता नांदो’ यासाठी तो घालत नाही, आणि त्यात त्याची काही चूक नाही.

मग आज भुकूमसारख्या गावानं कशासाठी जमावं? एक काम हाताशी आहे. ते महाराष्ट्रातलं आहे आणि परदेशातलंही. पालघर जिल्ह्यातले, डहाणू-तलासरीकडचे अनेक जण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात रेघ दिसत नाही. बोट हद्द ओलांडते किंवा ओलांडली असं म्हटलं जातं, आणि खलाशी कराचीच्या मलीर तुरुंगात जाऊन पडतात. तिकडे सिंधचे कोळी आपल्या तुरुंगात पडतात. २००८च्या करारानुसार भारत आणि पाकिस्तान दर वर्षी १ जानेवारी आणि १ जुलैला कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. शिक्षा संपून नागरिकत्वाची खात्री पटली की महिनाभरात सोडायचं, असंही त्या करारात लिहिलं आहे. तसं होत नाही. शिक्षा भोगून झालेली माणसं तिकडेही अडकतात, इकडेही अडकतात.

१९९४मध्ये सुरू झालेल्या पाकिस्तान-भारत लोकमंचाची मंडळी हा प्रश्न वर्षानुवर्षं धरून आहेत. मुंबईतून पत्रकार जतीन देसाई त्यावर सातत्यानं लिहितात, पाठपुरावा करतात. २०२३च्या मे-जूनमध्ये पाकिस्ताननं जवळपास चारशे भारतीय मच्छीमार सोडले. कराचीहून लाहोरपर्यंतच्या त्यांच्या प्रवासात एधी फाउंडेशनच्या लोकांनी मदत केली, हातात भेटवस्तू दिल्या. कराचीतल्या कुणीतरी आपल्या खलाशाची पिशवी भरून दिली. इकडच्या तुरुंगातून सुटणाऱ्या सिंधी कोळ्याच्या हातात काय असतं, हा प्रश्न महाराष्ट्रानं स्वतःला विचारायला हवा.

भुकूमला हे जमेल. खाटपेवाडीच्या तलावापाशी उगम पावणारी रामनदी बावधन, पाषाण, औंध करत मुळेला मिळते. तिच्या काठी काम करायचं तर शेजाऱ्याशी, सोसायटीशी, खालच्या गावाशी बोलावंच लागतं. हे बोलणं जमलं की तीच माणसं पालघरच्या घरापर्यंत जाऊ शकतात. देवळाच्या सभामंडपात एक संध्याकाळ ठेवावी आणि सोसायटीच्या लोकांना खाली उतरून यायला सांगावं. मंडपातल्या भजनी मंडळाला आधी गायला बसवावं, मग मुळशी सत्याग्रहाची गोष्ट एखाद्या जुन्या माणसाकडून ऐकावी, आणि शेवटी तुरुंगात अडकलेल्या मच्छीमारांविषयी बोलावं. पालघरच्या कुटुंबांतल्या एकाला बोलवावं, त्याचं येण्या-जाण्याचं भाडं वर्गणीतून द्यावं. प्रत्येकानं परराष्ट्र मंत्रालयाला आणि आपल्या खासदाराला एकेक पत्र लिहावं. त्यात दोन्ही बाजूंच्या शिक्षा संपलेल्या माणसांची सुटका मागावी. जमा झालेला पैसा आणि खर्च दुसऱ्या दिवशी मंडपाच्या फळ्यावर लिहावा.

मुळशीच्या वाचकांनो, येत्या १ जानेवारीला दोन्ही देश पुन्हा याद्या देतील. त्या दिवशीची संध्याकाळ यासाठी मोकळी ठेवा आणि पावतीपुस्तक आजच छापायला टाका.