डांगराचा पहिला घाव

आश्विन लागला की बऱ्हाणपुरात तापीचे गढूळ पाणी निवळू लागते, घाटाच्या पायऱ्या एकेक करून पुन्हा वर येतात आणि सकाळच्या उन्हाला थोडी सोनेरी झाक चढते. शरद ऋतूचे वर्णन करताना आपल्या कवींनी कमळे, हंस आणि चांदणे यांवर इतकी शाई खर्च केली आहे की, याच दिवसांत कुंपणावर आणि छपरावर पिकून पडलेल्या एका थोर फळाकडे पाहण्यास त्यांना सवडच उरली नाही. ते फळ म्हणजे तांबडा भोपळा. पावसाच्या आरंभी लावलेले वेल तीन-चार महिन्यांत फळ देतात, आणि नेमके पितृपक्ष ते दिवाळी या काळात बाजारात त्याच्या राशी लागतात.

आपल्या भाषेनेही या फळाशी न्यायाने वर्तन केलेले नाही. भ्रम फुटायचा तर तो भोपळ्यासारखाच फुटतो. दोन माणसांचे पटेनासे झाले की त्यांच्यात विळ्या-भोपळ्याचे सख्य असल्याचे आपण सांगतो. वस्तुतः त्या सख्यात अपराध विळ्याचा, पण बदनामी दोघांचीही. आम्ही तीस वर्षे शाळामास्तरकी केली. या काळात हा शब्द भाजीच्या संदर्भात जितका ऐकला, त्याहून अधिक गुणपत्रिकेच्या संदर्भात ऐकला. लेकीकडे जाऊन धष्टपुष्ट झालेल्या म्हातारीला रानातून सुखरूप घरी आणणारी बालकथा तेवढी त्याच्या बाजूने उभी आहे. तानपुऱ्याचा मान म्हणाल, तर तो या भोपळ्याचा नव्हे, कडू भोपळ्याचा. पंढरपूरच्या बाजूला पिकणारे ते मोठे भोपळे मिरजेच्या कारागिरांकडे जातात आणि तेथे त्यांची वाद्ये होतात. आमच्या नायकाच्या वाट्याला गाणे नाही. विळी तेवढी आहे.

बऱ्हाणपुरात तर त्याच्या नावावरूनही एकमत नाही. हे शहर १७६० साली उदगीरच्या लढाईनंतर पेशव्यांकडे आले, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत मध्य प्रदेशात राहिले आणि २००३ साली जिल्ह्याचे ठिकाण झाले. पण भाषेच्या सीमा काही नकाशाप्रमाणे चालत नाहीत. खानदेशाकडून आलेली मंडळी त्याला डांगर म्हणतात, वऱ्हाडाकडची मंडळी कोहळे म्हणतात, पुण्याकडची सून तांबडा भोपळा म्हणते, गुजराती शेजारी कोळुं म्हणतात आणि भाजीवाला ‘कद्दू’ म्हणून हाक देतो. दिल्लीला गेलात तर तेथे यालाच सीताफळ म्हणतात, आणि आपला मराठी माणूस पिशवी घेऊन आशेने गेलेला असतो तो खजील होऊन परततो. नावांचा हा गोंधळ वाचकांनी कृपया लक्षात ठेवावा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

कुळाचा विचार केला तर आणखी मौज आहे. दुधी भोपळा, ज्याला संस्कृतात अलाबू म्हणतात, तो आपल्याकडे प्राचीन काळापासून आहे. पांढरा कोहळा, म्हणजे कूष्मांड, हाही आशिया खंडातलाच. तांबडा भोपळा मात्र मूळचा अमेरिकेचा. कोलंबस १४९२ साली त्या खंडाला पोहोचल्यानंतर मिरची, बटाटा, टोमॅटो आणि मका यांच्या जोडीने तोही समुद्र ओलांडून जगभर पसरला. आज श्राद्धाच्या पानात त्याची भाजी हवीच असते, आणि उपवासाच्या भरितालाही तो चालतो. ज्या पितरांसाठी आपण ती भाजी वाढतो, त्यांच्या पितरांनी हे फळ डोळ्यांनी पाहिलेही नसेल. तरी कोणाचे काही अडले नाही. परकी वस्तू घरची कशी होते, याचे यापरते बोलके उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

घरची झाल्याची खरी खूण म्हणजे घारगे. भोपळा किसावा, गुळाबरोबर शिजवावा, त्यात मावेल तेवढीच कणीक आणि थोडे तांदळाचे पीठ घालून मळावे. पाण्याचा थेंब नको. वेलची, जायफळ, चिमूटभर मीठ. जाडसर थापून तळले की चार दिवस मऊ राहतात. गूळ हवेतील ओलावा धरून ठेवतो आणि भोपळ्याचा गर पीठ कोरडे पडू देत नाही, म्हणून पूर्वी प्रवासाच्या डब्यात पोळीच्या आधी घारग्यांचा विचार होई. वऱ्हाडात याच मिश्रणाची बोंडे करतात. त्या नारिंगी रंगामागे कॅरोटीन असते. शरीर त्यापासून अ जीवनसत्त्व तयार करते आणि स्निग्ध पदार्थाबरोबर ते अधिक चांगले शोषले जाते. घारग्यावर तुपाची धार सोडणाऱ्या आजीला हे शास्त्र माहीत नव्हते, पण धार सोडण्यात तिने कधी कुचराई केली नाही.

यंदा या घारग्यांना एक विलायती भावंड मिळाले, आणि आजच्या लेखाचे कारण तेच आहे. आमची एक भाची ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनला असते. तिने भोपळ्याच्या ‘स्कोन’ची कृती लिहून पाठविली. स्कोन हा मूळचा स्कॉटलंडचा, चहाबरोबर खाण्याचा जाडसर, खुसखुशीत पाव. त्याचा उच्चार स्कोन करावा की स्कॉन, यावर खुद्द इंग्रजांतही एकमत नाही. म्हणजे नावाच्या बाबतीत तो आमच्या डांगराचा सख्खा भाऊ शोभतो. आरंभी तो तव्यावरच भाजीत. पुढे भट्टी आली. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड या औषधविक्रेत्याने, पत्नीला यीस्ट सोसत नाही म्हणून, १८४३ साली यीस्टवाचून पीठ फुगविणारी बेकिंग पावडर तयार केली. अशा पावडरी प्रचारात आल्या आणि स्कोन घरोघरी झटपट होऊ लागला. पत्नीच्या पथ्यासाठी नवऱ्याने केलेली खटपट साऱ्या जगाच्या न्याहारीस उपयोगी पडली, ही गोष्ट आम्ही मुद्दाम नमूद करतो. क्वीन्सलंडमध्ये त्यात भोपळा शिरला. तेथील मुख्यमंत्र्यांच्या पत्नी आणि १९८१ ते १९९३ या काळात ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या सदस्य असलेल्या फ्लोरेन्स बिएल्के-पीटरसन यांचे नाव आजही तिकडे त्यांच्या भोपळ्याच्या स्कोनमुळेच अधिक घेतले जाते. राजकारणातली भाषणे विरून जातात, पाककृती टिकते.

कृती अशी. दोन वाट्या कणीक किंवा निम्मी कणीक नि निम्मा मैदा, दोन लहान चमचे बेकिंग पावडर, पाव चमचा मीठ, अर्धा चमचा सुंठ, अर्धा चमचा दालचिनी आणि थोडे किसलेले जायफळ एकत्र चाळावे. त्यात साधारण साठ ग्रॅम थंड लोणी बोटांच्या टोकांनी चोळून रव्यासारखे करावे. भोपळा वाफवून, चाळणीवर निथळून, पूर्ण गार करून त्याचा पाऊण वाटी गर घ्यावा. त्यात पाव वाटी चिरलेला गूळ विरघळवावा आणि ते पिठात घालावे. लागलेच तर चमचाभर दूध. पीठ गोळा होईल इतकेच मळावे. पोळीसारखे तिंबले तर चिवट होते. पेरभर जाड थापून वाटीने गोल कापावे आणि तापलेल्या भट्टीत, दोनशे अंशांवर, पंधरा-अठरा मिनिटे भाजावे. गुळामुळे तळ लवकर काळवंडतो, म्हणून शेवटची पाच मिनिटे तेथून हलू नये. भट्टी नसेल तर जाड बुडाच्या पातेल्यात मीठ पसरून, त्यावर जाळी ठेवून, झाकण लावून मंद आचेवर अर्धा-पाऊण तास भाजावे आणि मध्यंतरी एकदा उलटावे. आमच्या लहानपणी दिवाळीपूर्वी नानकटाईचे पत्रे डोक्यावर घेऊन मुले बेकरीच्या दारी रांग लावीत. आता तो उपद्व्याप उरलेला नाही.

येथवर सारे सोपे आहे. अवघड गोष्ट कृतीच्या पहिल्या ओळीच्याही आधी येते. ती म्हणजे अखंड भोपळा कापणे.

अनेक घरांत अशी रूढी आहे की, अखंड डांगरावर पहिला घाव बाईने घालू नये. पुरुषाने, निदान मुलग्याने घालावा, मग बाईने हव्या तेवढ्या फोडी कराव्यात. आमच्या गल्लीत एक वृद्ध काकू एकट्या राहतात. यजमान जाऊन पंधरा वर्षे झाली, मुलगा दूरगावी नोकरीस. यंदा दसऱ्याच्या सुटीत त्यांची नववीत शिकणारी नात आली. भाचीने पाठविलेली कृती आमच्या घरून तिच्या हाती गेली, आणि शेतावरून आलेले एक टपोरे डांगर कोपऱ्यात होतेच. मुलीने लोणी मोजले, जायफळ किसले, आणि सुरी मागितली. आजी म्हणाल्या, “थांब, सरांना येऊ दे.” मुलगी म्हणाली, “आजी, तू रोज विळीवर सगळं चिरतेस, मग ह्याचंच काय?” अशा रीतीने आम्हांस बोलावणे आले; घाव घालण्यासाठी की निवाडा देण्यासाठी, हे दोघींनीही स्पष्ट केले नव्हते.

आम्ही सांगितले ते असे. कोहळा हा पूजाविधीत पशुबळीच्या जागी येतो. जिवंत प्राण्याचा घात टळावा म्हणून कोणा दयाळू पूर्वजांनी फळ पुढे केले. घाव हा बळीचा घाव मानला, म्हणून तो पुरुषाकडे गेला. पण तो मान कूष्मांडाचा, पांढऱ्या कोहळ्याचा. तांबडा भोपळा त्या काळी या देशात नव्हताच. वऱ्हाडात यालाही कोहळे म्हणतात. तेव्हा नावाच्या वारशाने नियमही याच्याकडे आला असावा, असा आमचा तर्क आहे. शिवाय, ज्या रूढीचा जन्म दयेतून झाला, तिने एका एकट्या बाईला स्वतःच्या स्वयंपाकघरात दारावरून जाणाऱ्या पोराची वाट पाहायला लावावी, हे त्या दयाळू पूर्वजांनाही रुचले नसते. एवढे बोलून आम्ही सुरी काकूंच्या पुढे सरकविली.

काकू बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग डांगरावरून हात फिरवीत म्हणाल्या, “हे गेल्यापासून मी अख्खं डांगर घरात आणलं नाही. कुणी दिलं तर पुढं देऊन टाकते. मला आवडत नाही, असंच सगळ्यांना सांगत आले. आवडतं हो मला. पण दर वेळी कुणाला हाक मारायची?”

पंधरा वर्षे एका बाईने आपली आवड लपविली, ती कोणाच्या धाकाने नव्हे, कोणी बंदी घातली म्हणूनही नव्हे. हाक मारण्याचा संकोच एवढेच कारण. आमच्या घरापासून त्यांचे दार वीस पावलांवर आहे. रूढीचे खरे ओझे मोठ्या अन्यायांत जितके दिसते, त्याहून अधिक अशा न मारलेल्या हाकांत साठलेले असते. त्याची नोंद कोणत्याही दफ्तरात होत नाही.

त्या दिवशी डांगर काकूंनीच कापले. सुरी देठाजवळ अडली तेव्हा नातीने वरून हात दाबला. आतला रंग पाहून मुलगी हरखली. काकूंनी मात्र आधी बिया काढून धुऊन सुपात वाळत घातल्या. सवय ती सवय. स्कोन चांगले झाले, दोन-तीन तळाशी करपले. निम्मा भोपळा उरला होता, त्याचे काकूंनी दुसऱ्या दिवशी घारगे केले आणि, मनमोकळेपणाने सांगायचे तर, गल्लीचा कौल घारग्यांकडेच गेला.

रूढी मोडा, असा उपदेश या पानावरून करण्याचा आमचा मानस नाही. ज्या घरात धाकट्या मुलाच्या हाती कौतुकाने सुरी देतात आणि सारे हसतखेळत त्याभोवती बसतात, तेथे तो एक लहानसा घरगुती सोहळा आहे. तो सुखेनैव चालावा. आमचे सांगणे इतकेच की, ज्या घरात पुरुष नाही, किंवा आहे पण वेळेवर नाही, तेथे भोपळा वाट पाहत पडू नये आणि बाईनेही पडू नये. हा अंक हाती येईल तेव्हा बाजारात डांगरे असतील. देठ शाबूत असलेले एक निवडून आणावे; कोरड्या, हवेशीर जागी ते महिनोन्‌महिने टिकते, त्यामुळे घाई नाही. घारगे करावेत, स्कोन करावेत, साधी भाजी करावी. आणि शेजारी कोणी एकटी बाई असेल, तर तिला भोपळा आवडतो का, हे एकदा तिच्या घरी जाऊन विचारावे. पहिल्या उत्तरावर मात्र फारसा विश्वास ठेवू नये.